देवाचा फोटो काढून ठेवा : मूर्तिचोरी, परदेशातला बाजार आणि आपला नाशिक जिल्हा

सिन्नरकर

आमच्या गावच्या देवीचा मुखवटा गेल्या पावसाळ्यात चोरीला गेला. गाव सिन्नर तालुक्यातलं. तपास चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फोटो आहे का?"

फोटो ढिगाने निघाले. जत्रेचे, पालखीचे, नवरात्रातल्या नऊही माळांचे. पण प्रत्येकात मळवट भरलेला, नथ घातलेली, गळ्यात हार, डोईवर पदर. मुखवट्याचा धातू बोटभरसुद्धा कुठे उघडा दिसत नाही. मागची बाजू तर गुरवबुवांशिवाय कुणी पाहिलेलीच नाही. मग ट्रस्टचे कागद काढले. धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या नोंदीचा उतारा, ज्याला सगळे शेड्यूल वन म्हणतात, त्यात जंगम मालमत्तेखाली एक ओळ होती : "पंचधातूचा मुखवटा, नग १." उंची नाही, वजन नाही, कुठली खूण नाही. त्याच्या खालच्या ओळीत समया आणि सतरंज्या.

उद्या हा मुखवटा मुंबईच्या एखाद्या दुकानात किंवा लंडनच्या लिलावात दिसला, तर तो आमचाच हे कशावरून सांगणार? या प्रश्नापायी वाचायला लागलो. जे समजलं ते इथे मांडतो, कारण हीच अवस्था जिल्ह्यातल्या बहुतेक देवळांची असणार.

चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यापार रोखण्यासाठीचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार युनेस्कोचा, १४ नोव्हेंबर १९७० चा. भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला. सातवं कलम आपल्या कामाचं आहे. संग्रहालयातून, धार्मिक किंवा सार्वजनिक वास्तूतून चोरलेली वस्तू दुसऱ्या सदस्य देशाने आत येऊ द्यायची नाही, आणि मूळ देशाने मागितली तर परत मिळवून देण्यासाठी पावलं उचलायची. मात्र ती वस्तू त्या वास्तूच्या नोंदवहीत असल्याचा कागद हवा. म्हणजे पॅरिसमध्ये ठरलेल्या या कराराचं एक टोक थेट आमच्या "नग १" या ओळीशी येऊन थांबतं. त्या ओळीवरून जगातला कुठलाही कस्टम अधिकारी काहीही ओळखू शकणार नाही.

ज्या मूर्ती परत आल्या, त्या कशा आल्या ते बघा. नालंदाच्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून १९६१ मध्ये १४ ब्राँझ मूर्ती चोरीला गेल्या. त्यातला एक बुद्ध २०१८ च्या मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या कलामेळ्यात विक्रीला होता. 'इंडिया प्राइड प्रोजेक्ट'चे विजय कुमार आणि कलावस्तूंच्या गुन्ह्यांवर काम करणाऱ्या 'आर्का' संस्थेच्या लिंडा अल्बर्टसन यांनी तो ओळखला. चोरीच्या आधीच्या फोटोंशी ताडून पाहता आलं म्हणून. मेणाचा साचा करून ओतलेल्या मूर्तीचा साचा फोडावाच लागतो, त्यामुळे तंतोतंत तशीच दुसरी मूर्ती होत नाही. ओतकामातला एखादा खड्डा, एक ठिगळ, एक तुटका काठ पुरतो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडन पोलिसांनी तो बुद्ध आपल्या उच्चायुक्तांकडे सोपवला.

दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या आनंदमंगलमचं. तिथल्या राम, लक्ष्मण, सीतेच्या मूर्ती १९७८ मध्ये चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये ब्रिटनमधून परत आल्या. पाँडिचेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेने १९५८ मध्ये त्या देवळातल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. या संस्थेने तमिळनाडूतली खेडोपाडीची देवळं पालथी घालून असे फोटो जमवले, आणि आज परत येणाऱ्या कितीतरी मूर्तींच्या मागे तोच पुरावा आहे.

आपल्या भागात असं काम कुणी केलंय का? गोंदेश्वर, पांडवलेणी, अंजनेरीची जैन मंदिरं, झोडग्याचं माणकेश्वर यांचे फोटो खूप आहेत. मी विचारतोय ते ग्रामदैवतांबद्दल, वेशीवरच्या वीरगळांबद्दल, घरातल्या देव्हाऱ्यातल्या टाकांबद्दल.

कसमादे

सिन्नरकर, वाचून फार वाईट वाटलं. आमच्या बागलाणात वीरगळांची अवस्था अशीच आहे. रस्ता रुंद करताना जेसीबीने उचलून बाजूला टाकतात. सहा महिन्यांनी बघावं तर त्यातला एखादा गायब. कुणाच्या फार्महाउसवर गेला, कुणी पायरीला लावला, की खरंच ट्रकात बसून गेला, काही कळत नाही. दगडाला कोण विचारतो असं गावात म्हणतात. विचारणारे असतात. सुभाष कपूरच्या प्रकरणात दगडी आणि धातूच्या मूर्ती हस्तकलेच्या वस्तू म्हणून कागद रंगवून बाहेर पाठवल्या होत्या.

त्या प्रकरणावर कुणी जरा सविस्तर लिहील का?

कायदेकानू

लिहिते. सुभाष कपूर हा न्यूयॉर्कचा नावाजलेला विक्रेता, मोठमोठ्या संग्रहालयांना माल पुरवणारा. २०११ मध्ये जर्मनीत अटक, २०१२ मध्ये भारताच्या ताब्यात, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा सुनावली. त्याने श्रीपुरंदनच्या देवळातला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाला २००८ मध्ये सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरला विकला होता. देऊळ वापरात नव्हतं, कुलूप लावलेलं. आत काही उरलं नाही हे गावाला चोरीनंतर बऱ्याच काळाने कळलं.

कलादालनाने कागद मागितले नव्हते असं नाही. मूर्ती १९७० च्या आसपासच भारताबाहेर गेल्याची कागदपत्रं त्याला दिली होती. ती खोटी निघाली. वर्ष तेच का निवडलं, हे लक्षात घ्या. १९७० चा करार आणि आपला १९७२ चा कायदा यांच्या आधी बाहेर गेलेली वस्तू विकायला सोपी, म्हणून खोट्या कागदांत अशाच तारखा भरतात. इथेही फ्रेंच संस्थेच्या जुन्या फोटोंनी खोटेपणा उघडा पाडला, आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो नटराज दिल्लीत परत केला.

आपला कायदा म्हणजे पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम, १९७२, लागू झाला १९७६ मध्ये. १०० वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, नाणं, कोरीवकाम ही पुरावस्तू. हस्तलिखितांना ७५ वर्षं. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही, पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. देशात विकायची तर परवाना लागतो. धातू-दगडाच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या, कोरीव लाकूडकाम यांची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती मालकाने स्वतः करायची असते. बहुतेक घरांत हे कुणी ऐकलेलंही नसतं.

युनेस्को कराराच्या सातव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही. समोरच्याने वस्तू प्रामाणिकपणे विकत घेतली असेल, तर परत मागणाऱ्या देशाने त्याला वाजवी भरपाई द्यायची. शिवाय करार मागे जाऊन लागू होत नाही. १९९५ चा युनिद्रॉ करार या बाबतीत बराच कडक आहे. चोरलेली वस्तू ज्याच्याकडे असेल त्याने परत केलीच पाहिजे, आणि खरेदीच्या वेळी नीट चौकशी केली हे सिद्ध केलं तरच त्याला भरपाई. बेकायदा उकरून काढलेली वस्तूसुद्धा तो चोरीचीच धरतो. भारत त्याचा सदस्य नाही. माझ्या मते व्हायला हवं, कारण आपल्याकडचा निम्मा माल कुठल्याही नोंदवहीत नसलेलाच असतो.

गोदाघाट

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. परत आलेल्या मूर्तींचं पुढे काय होतं? कित्येक पोलिसांच्या मुद्देमालात किंवा सरकारी गोदामात पडून राहतात. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयात निदान योग्य तापमानात, उजेडात, नीट माहितीच्या पाटीसह असतात. आपल्या घाटावरच्या मूर्तींची काय दशा आहे ते रोज सकाळी फिरायला जाताना बघतो. त्या मूर्तींना कोण वाचवतंय? सिंहस्थाच्या कामात तर अजून किती हलतील.

सिन्नरकर

गोदाघाट काका, गोदामात पडून राहणं चूक आहे, त्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण आमचा मुखवटा संग्रहालयातली वस्तू नव्हता. दर चैत्रात तो पालखीत बसायचा, नव्या सुनेला त्याच्यापुढे आणायचे, भांडण झालं की त्याच्यापुढे शपथ घ्यायचे. आता जत्रेत जुना लाकडी मुखवटा ठेवतात आणि म्हाताऱ्या बायका त्याच्यासमोर हात जोडताना रडतात. कितीही चांगल्या तापमानात तो परदेशात ठेवला तरी या बायकांना त्याचा काय उपयोग?

आणि लंडनच्या न्यायालयानेही हे मानलंय. तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराज १९७६ मध्ये एका मजुराला जमिनीत सापडला, चोरवाटेने बाहेर गेला, एका कॅनेडियन कंपनीने विकत घेतला. १९९१ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने पडझड झालेल्या देवळालाही मूर्ती मागण्याचा हक्क आहे असं धरलं, आणि मूर्ती भारतात आली.

घाटाबद्दल तुमचं बरोबर आहे. सिंहस्थाची कामं वेग घेण्याआधी रामकुंड ते नारोशंकराच्या देवळापर्यंतच्या सुट्या मूर्ती आणि शिळांची फोटोसकट यादी व्हायला हवी. तुम्ही रोज तिथे जाताच, तर तुम्हीच सुरुवात करा ना. आम्ही सोबत येतो.

नाणेवाला

मूर्तींबद्दल सगळे बोलतात, नाण्यांबद्दल कुणी नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आपल्या गोदावरी-दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सव्वातेरा हजारांच्या आसपास नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, लेकाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केल्याचं कोरून ठेवलंय. आई लेकाचं कौतुक करणारच, असं कुणीही म्हटलं असतं. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्याला पुरावा दिला. हरलेल्या राजाची नाणी जिंकलेल्या राजाच्या छापाखाली चाललेली दिसतात.

आता बघा, हा पुरावा एकेका नाण्यात नाही. सगळा साठा एकत्र मोजला गेला, छापलेली किती आणि न छापलेली किती हे कळलं, यात तो आहे. तीच नाणी शेतकऱ्याने मूठ-मूठ करून सराफाला दिली असती, तर आज बाजारात "नहपान, चांदी" अशा चिठ्ठीची काही सुटी नाणी फिरत असती आणि इतिहासाचं एक पान कोरं राहिलं असतं. नाण्यांची चोरटी निर्यात सगळ्यात सोपी. वजन काहीच नाही, खिशात जातात, पाकिटातून पोस्टाने जातात. अमेरिकेतल्या एखाद्या वेबसाइटवर विकायला ठेवलेलं सातवाहन नाणं कुठल्या शिवारातलं, हे कधीच सिद्ध करता येत नाही.

शेतकऱ्याला दोष द्यायचं माझ्या जिवावर येतं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. सरकारने ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. बाहेर संग्राहक त्याच नाण्याला किती देतो हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मग कळवणार कोण? हा मोबदला बदलला तर परदेशातून आणण्याची वेळ निम्म्याने कमी येईल, असं मला मनापासून वाटतं.

अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, संग्रहालयही आहे. मुलांना घेऊन जाऊन या. शाळेच्या सहली तिथे गेल्या पाहिजेत.

मृण्मयी

मी नेदरलँड्समध्ये राहते, माहेर नाशिकरोडचं. इकडची बाजू सांगते. युरोपियन युनियनचा २०१९ चा नियम २८ जून २०२५ पासून पूर्ण लागू झालाय. युरोपाबाहेरून येणारी, उत्खननातली किंवा देवळाचा-स्मारकाचा भाग असलेली २५० वर्षांपेक्षा जुनी वस्तू आणायची तर आधी आयात परवाना, आणि मूळ देशातून ती कायदेशीर बाहेर पडल्याचे कागद. आधी सगळं विक्रेत्याच्या सचोटीवर होतं, आता दाखवायची जबाबदारी आणणाऱ्यावर आली. अमेरिकेबरोबर भारताने असाच करार २०२४ च्या जुलैमध्ये केला, दिल्लीत जागतिक वारसा समितीची बैठक होती तेव्हा. त्याच नोव्हेंबरमध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने भारताला १,४४० वस्तू परत केल्या.

सिन्नरकर दादा, इंटरपोलचं एक मोफत ॲप आहे, आयडी-आर्ट नावाचं. त्यांच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत ५० हजारांहून जास्त वस्तू आहेत. फोटो टाकून शोधता येतं, आणि आपल्या वस्तूची माहिती ठराविक चौकटीत भरून ठेवताही येते. चोरी झाली तर तीच पोलिसांना द्यायची. मुख्य यादीत नाव मात्र आपण थेट घालू शकत नाही, ते सीबीआयमार्फत जातं. त्यासाठी गुन्ह्याची नोंद आणि ओळखता येईल असा फोटो लागतो. शेवटी गाडी पुन्हा फोटोवरच येते.

जुनेनाशिक

लाकडाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमचा वाडा जुन्या नाशकात होता. पाच भाऊ वाटेकरी, दुरुस्ती कुणालाच परवडेना, शेवटी उतरवला. चौकातले सागवानी खांब, त्यांच्यावरच्या घोड्यांच्या तोंडांचे हस्त, देवघराची महिरप, हे सगळं एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने घनफुटावर घेतलं. जळणापेक्षा जरा बरा भाव. दोन वर्षांनी माझ्या भाचीला एका परदेशी वेबसाइटवर अगदी तशीच महिरप दिसली, "अठराव्या शतकातील भारतीय कमान" म्हणून. डावीकडच्या पोपटाची चोच तुटलेली, आमच्या महिरपीची होती तशीच. लहानपणी चेंडू लागून ती तुटली तेव्हा सगळ्यांनी मार खाल्ला होता.

कायदेकानू ताई, १०० वर्षांपेक्षा जुनं कोरीव लाकूड पुरावस्तू होतं हे आम्हाला तेव्हा कुणीच सांगितलं नाही. महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा पाठवते, त्याच कागदावर ही एक ओळ छापली तरी किती फरक पडेल.

कायदेकानू

जुनेनाशिक, त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, आणि वाड्यातल्या लग्नामुंजीचे जुने अल्बम शोधा. महिरपीसमोर बसवून काढलेला एखादा फोटो असतोच. देशात विकणं आणि निर्यात हे दोन वेगळे मुद्दे आहेत. तुम्ही विकलं असलं तरी ते देशाबाहेर गेलं असेल तर निर्यातीचा गुन्हा राहतोच. पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा.

विश्वस्त

मी निफाड तालुक्यातल्या एका देवस्थानचा विश्वस्त आहे. एक खरी अडचण मांडतो. देवाचा वस्त्र-अलंकाराविना फोटो काढणं आमच्याकडे कुणाला मान्य होणार नाही. सोवळ्याचा प्रश्न आहे. आणि फोटो बाहेर फुटले तर उलट चोरांनाच माहिती मिळते, ही भीती आहे. पंधरा वर्षांपूर्वी कुणी अभ्यासक आले होते, त्यांना याच कारणाने गावाने परत पाठवलं.

सिन्नरकर

विश्वस्त साहेब, दोन्ही हरकती योग्य आहेत. आमच्या शेजारच्या गावाने यावर वाट काढली, ती सांगतो. अभिषेकाच्या वेळी पडदा ओढलेला असतो, तेव्हा गुरवांनीच त्यांच्या मोबाइलवर फोटो काढले. बाहेरचा माणूस आत गेला नाही. समोरून, पाठून, दोन्ही बाजूंनी, आणि बैठकीच्या खालून. शेजारी मोजपट्टी धरली. फोटो छापून लखोट्यात सील केले. एक लखोटा अध्यक्षांच्या तिजोरीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये. इंटरनेटवर काहीही टाकलं नाही. चोरी झाली तरच लखोटा उघडायचा, असा ठराव ग्रामसभेत केला.

काय लिहायचं याचा जगभर चालणारा एक साधा नमुना आहे, ऑब्जेक्ट आयडी, १९९७ पासूनचा. वस्तू काय, कशाची, मापं, कोरलेली अक्षरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओळखीची खूण. आमच्या मुखवट्याच्या डाव्या कानामागे डाग दिलेला होता, असं गुरवबुवा सांगतात. एवढा एक फोटो असता तर आज इंटरपोलकडे पाठवता आला असता.

जालना जिल्ह्यात जांब समर्थच्या रामाच्या मूर्ती २०२२ मध्ये गेल्या होत्या, त्या पोलिसांनी शोधून काढल्या. त्यामुळे आशा सोडलेली नाही.

कायदेकानू

लखोट्याची कल्पना उत्तम. त्याच्या जोडीला शेड्यूल वनमधली "नग १" ही ओळ सुधारून घ्या. सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट देता येतो. मुखवट्याची उंची, वजन, धातू आणि ओळखीची खूण घातलेली नोंद सरकारी दप्तरात आली, की सातव्या कलमाला लागतो तो कागद तयार झाला. चोरीनंतर केलेल्या नोंदीला तेवढं वजन राहत नाही, तेव्हा ज्यांचे देव जागेवर आहेत त्यांनी आधी करा. मसुदा मी करून देते, फी नको.

विश्वस्त

ताई, मसुदा अवश्य पाठवा. आमची बैठक पौर्णिमेला आहे, तेव्हा विषय घेतो. आमच्या मारुतीला शेंदराचे इतके थर आहेत की मूळ मूर्ती कुणी पाहिलेलीच नाही. त्याचं काय करावं?

कसमादे

शेंदूर काढायच्या फंदात स्वतःहून पडू नका. थर आपोआप गळून पडतात किंवा वज्रलेपासाठी काढतात, तेव्हाच फोटो घ्या. तोवर आहे त्या रूपाचा फोटो आणि बाहेरची मापं. दगडी मूर्ती जागची हलत नसेल तर वजनाची गरज नाही. पंचधातूच्या उत्सवमूर्तीचं मात्र घ्या, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो.

गोदाघाट

सिन्नरकर, शनिवारी सकाळी सात वाजता रामकुंडावर येतो. मोजपट्टी आणि वही माझ्याकडे आहे. मोबाइलचा कॅमेरा जरा जुना आहे, चांगला असेल त्यांनी सोबत यावं.

सिन्नरकर

येतो काका. नाणेवाला, तुम्हीही या, शिळेवरची अक्षरं वाचायला तुम्ही लागाल. सुरुवात नारोशंकराच्या बाजूने करू, तिकडे सुट्या शिळा जास्त आहेत.